हेडफोनवाल्या मावशी

हेडफोन एका कानावरून बाजूला सरकवून मावशी बोट वर करायच्या. म्हणजे थांब, डॉक्टर बोलतायत. डॉक्टर अमेरिकेत, मावशी पनवेलला आमच्या वरच्या मजल्यावर. ते पेशंट तपासून सगळं बोलून ठेवायचे आणि मावशी घरी बसून ते ऐकत टाइप करायच्या.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल असं कुणीतरी, ज्याच्या दारावरची बेल वाजवायला सगळे घाबरतात. गव्हाणहून मासे घेऊन येणारी कोळीण तर दारात उभी राहून भावही नुसत्या बोटांनी दाखवायची. एकदा वैतागून म्हणाली, "बाय, तुमचा डाक्टर कवा गप बसल?" मावशी एवढ्या हसल्या की ती फाइल पहिल्यापासून ऐकावी लागली.

नवऱ्याची तळोज्यातली कंपनी बंद पडली, तेव्हा मावशींनीच मला या कामाला लावलं. पहिले तीन महिने कच्चे. एक मोठी चूक झाली की घरी बसा. बसले घरीच होते म्हणा, पण घरात आता माझाच पगार होता. माझ्या फाइली मावशी तपासायच्या, मगच पुढे पाठवायच्या.

एका फाइलीत डॉक्टर सगळीकडे डावा गुडघा म्हणाले आणि शेवटी ऑपरेशन मात्र उजव्याचं. मी मोठी शहाणी! तोही डावा करून टाकला.

मावशी तरातरा जिना उतरून आल्या. "हे कोणी सांगितलं तुला?"

"चुकून बोलले असतील ना, मावशी."

"आणि ते तू ठरवणार? डॉक्टर कधी झालीस गं?"

त्यांनी फाइल अडवली आणि ऑफिसमार्फत डॉक्टरांनाच विचारायला लावलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, गुडघा उजवाच. नोकरी गेली, असंच मी धरून चालले होते. पण मावशींनी ऑफिसला कळवलं होतं, शंका हिनेच काढली म्हणून.

"तुझ्यासाठी खोटं बोललेय," त्या म्हणाल्या. "आता ते खरं करून दाखव."

मग महिनाभर रोज दुपारी शेजारी बसून त्यांनी मला शिकवलं. ओरडा खाल्ला, रडले, पण शिकले. आमचं घर त्या दिवसांत तगलं ते मावशींमुळे, हे मी कुणालाही सांगेन.

त्यांनाही एकदा सांगितलं, "मावशी, तुमच्यामुळे वाचलो आम्ही."

"तुमचं काय घेऊन बसलीस? त्या माणसाचा धडधाकट गुडघा कापला असता गं त्यांनी!"

मावशी मागच्या वर्षी गेल्या. तो माणूस तिकडे कुठेतरी आपल्या पायांनी चालत असेल. त्याला कोण कळवणार, आपल्या मावशी गेल्या म्हणून?