शशिधर खांबेटे काहीही दाखवत नाहीत

शशिधर खांबेटे मूळचे मिरजेचे, पण त्यांची उभी हयात गेली हॅम्बर्गच्या बंदरात. कंटेनरची जहाजं धक्क्याला कधी लागायची आणि कधी सुटायची, हे ठरवणं त्यांचं काम. धक्क्याला जहाज जितकं कमी थांबेल तितकं चांगलं, हे त्या धंद्यातलं पहिलं तत्त्व. दुर्दैवाने खांबेट्यांनी तेच तत्त्व पाहुण्यांना लावलं.

आणि पाहुण्यांना काय तोटा! उन्हाळा लागला की मावसभाऊ, मेहुणे, मेहुण्यांचे शेजारी आणि त्या शेजाऱ्यांच्या सुना, सगळे ‘आपला शशी जर्मनीत आहे’ एवढ्या एका आधारावर विमानातून उतरत. खांबेटे त्यांना गाडीत भरत आणि जर्मनी दाखवून आणत. राजवाडा अर्ध्या तासात, पूल चालता चालता, चर्च बाहेरूनच. कुठल्या मनोऱ्याची उंची किती आणि कोणतं गाव कोणत्या साली जळलं, हे त्यांना तोंडपाठ. पाहुणे परत येत ते घामाघूम, अर्धपोटी आणि इतिहासाने गच्च भरलेले. मिरजेच्या एका आत्याबाईंनी तर जाहीरच करून टाकलं होतं, “शशीबरोबर जर्मनी बघायची म्हणजे मागे कुत्रं लागल्यासारखं बघायचं.”

या सगळ्या वर्षांत त्यांच्या पत्नी नंदाताईंनी काय पाहिलं? तर पोळपाट. त्या एका बालवाडीत शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांच्या परतीच्या वेळेचा अंदाज घेऊन कणीक भिजवायच्या. हायडेलबर्गचा किल्ला त्यांना ठाऊक होता तो फोटोत, थोरल्या नणंदेच्या अंबाड्यामागून डोकावणारा. गोसलार त्यांच्यासाठी जाऊबाईंच्या हिरव्या शालीच्या डावीकडे होतं.

म्हणून दोघेही निवृत्त झाल्यावर, एका रविवारी चहा पिता पिता नंदाताईंनी जाहीर केलं, “आता आपण दोघंच फिरायला जायचं. सावकाश. साध्या गाड्यांनी, गावागावात थांबत. ल्युनेबुर्ग, गोसलार, हायडेलबर्ग आणि शेवटी रेगेन्सबुर्ग. मला डॅन्यूब बघायचीय.”

खांबेट्यांचा चेहरा उजळला. “गेनाऊ! अगदी बरोबर! मी आत्ताच आखून—”

“काही आखायचं नाही. आणि माझी एक अट आहे. तुम्ही कुणालाही काहीही दाखवायचं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे बोट वर करायचं नाही. ‘हे बघ’ म्हणायचं नाही. कुठे काय कधी जळलं ते सांगायचं नाही.”

“तुलासुद्धा नाही?”

“मला तर मुळीच नाही.”

“आणि चुकून दाखवलंच तर?”

“तर मी तिथूनच गाडी धरून घरी येईन. रेगेन्सबुर्ग तुम्ही एकटे बघा आणि तिथल्या कबुतरांना माहिती द्या.”

नंदाताई चिडून बोलल्या असत्या तर खांबेट्यांनी मनावर घेतलं नसतं. त्या चहात बिस्किट बुडवत शांतपणे बोलल्या. बालवाडीतल्या बाईचा हा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे, की यानंतर खेळणी खरोखर कपाटात जातात.

ल्युनेबुर्ग हे खांबेट्यांच्या तपश्चर्येचं पहिलं ठिकाण. तिथे जमिनीखालून शतकानुशतकं मीठ उपसलं गेलं, म्हणून वरची जुनी विटांची घरं कुठे कलली, कुठे पोट सुटल्यासारखी पुढे आली. नंदाताई अशाच एका घरासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“कंत्राटदाराने विटा खाल्लेल्या दिसतात,” त्या म्हणाल्या.

खांबेट्यांच्या घशात मिठाचा अख्खा इतिहास दाटून आला. त्यांनी तो गिळला आणि खोकले.

“काय झालं?”

“काही नाही. खारट झालं तोंड.”

“बघा हं,” नंदाताईंनी तर्जनी उगारली.

पण खरी शिक्षा ती नव्हती. खरी शिक्षा होती थांबण्याची. नंदाताईंनी जन्मभर लहान मुलांची रांग घेऊन रस्ते ओलांडले होते आणि दर दहा पावलांवर सापडणाऱ्या गोगलगाईसाठी त्या थांबल्या होत्या. त्यांना तीच सवय. गोसलारच्या चौकात खाणकामगारांच्या बाहुल्या घड्याळातून बाहेर येऊन गोल फिरतात, ते बघायला सगळं जग मान वर करून उभं होतं आणि नंदाताई त्या गर्दीतल्या माणसांचे उघडे पडलेले जबडे बघत होत्या. नंतर पाटीच्या दगडाने मढवलेल्या एका घराच्या खिडकीत फुलांच्या कुंड्या पुसणाऱ्या बाईशी त्या इतका वेळ बोलल्या, की खांबेट्यांनी रस्त्याचे दगड पाहून घेतले, मग पुन्हा पाहून घेतले. त्या बाईची सून शाकाहारी निघाली होती आणि आता घरात काय रांधावं हा प्रश्न होता. नंदाताईंनी तिला थालीपीठ सांगितलं.

“सम्राटाचा वाडा राहिला,” खांबेटे हळूच म्हणाले.

“राहू दे. सम्राट कुठे शाकाहारी होता?”

असे करत दोघं हायडेलबर्गला पोहोचली. इथे मात्र खांबेट्यांची स्थिती उपासाच्या दिवशी हलवायाच्या दुकानात बसवलेल्या माणसासारखी झाली. या गावात त्यांनी इतके पाहुणे आणले होते, की कोपऱ्यावरच्या पोस्टकार्डवाल्याने लांबूनच हात केला, “आल्झो, हेर खांबेटे! काय साहेब, आज कळप कुठे?”

जुन्या पुलावर ऊन पसरलं होतं. नंदाताई कठड्यावर कोपर टेकवून खाली नदीत वल्ही मारणाऱ्या मुली बघत होत्या. खांबेटे हात खिशात घालून उभे होते. हात खिशात असले की बोट वर होत नाही, हा त्यांनी प्रवासात लावलेला शोध. तेवढ्यात पुलाच्या टोकाशी, जिथे कांशाचं माकड बसलेलं आहे, तिथून अस्सल पुणेरी मराठी ऐकू आली.

“अगं अपूर्वा, मोबाइलच मेला! सगळी माहिती त्यात होती. आता काय बघायचं आणि कुठून सुरुवात करायची?”

“उत्कर्ष, मी रात्री काय म्हणाले होते? चार्जिंगला लाव म्हणाले होते ना?”

ड्युसेलडॉर्फला सॉफ्टवेअर कंपनीत असलेलं हे जोडपं. बरोबर दोन वेण्यांची अन्वी, जी मराठीतलं सगळं ऐकत होती आणि सगळ्याला जर्मनमध्ये हरकत घेत होती. परतीची गाडी संध्याकाळची, हातात नकाशा नाही. खांबेट्यांच्या नजरेला माणसं दिसलीच नाहीत. त्यांना दिसलं धक्क्याला लागलेलं एक जहाज, ज्याला सोडवणारा कोणी नाही.

“नंदा, एकच मिनिट हं,” ते म्हणाले.

सुरुवातीला त्यांनी बोट दाखवलं नाही. हनुवटीने दाखवलं. मग कोपराने. पण किल्ला डोंगरावर आहे आणि हनुवटी तरी किती उचलणार? उजवा हात खिशातून बाहेर आला, तर्जनी ताठ झाली आणि कित्येक दिवस कोंडलेला इतिहास धरण फुटावं तसा उत्कर्षच्या अंगावर कोसळला.

“चला, चला! आधी वर किल्ला, मग उतरताना विद्यार्थ्यांचा तुरुंग. या माकडाला हात लावलात? लावा. झालं. चला!”

“काका, तुम्ही देवासारखे भेटलात!” अपूर्वा धापा टाकत म्हणाली. ती हे चढणीच्या पायथ्याशी म्हणाली. चढणीच्या मध्यावर ती नुसतीच “काका” म्हणू शकली.

अन्वी मागून ओरडत होती, “ओपा, लांगझाम!” आजोबा, हळू! पण ओपा कुठले थांबायला? वर तळघरात घराएवढं लाकडी पिंप आहे. त्यात वाइन किती मावायची हे सांगताना खांबेट्यांचे दोन्ही हात पसरले होते, डोळे मिटले होते आणि ते सुखाच्या शिखरावर होते. अन्वीने त्यांचा सदरा ओढला.

“वो इस्ट दी ओमा?” आजी कुठेय?

खांबेट्यांचे हात पसरलेलेच राहिले.

“कोण आजी?” उत्कर्षने विचारलं.

“पुलावरची,” अन्वी चक्क मराठीत म्हणाली. “ते तिला एक मिनिट म्हणाले होते.”

खांबेटे किल्ल्यावरून जे उतरले, ते पाहून त्यांच्या जुन्या पाहुण्यांचेही डोळे पांढरे झाले असते. पुलावर नंदाताई नव्हत्या. त्यांचा फोन वाजत होता, उचलत कोणी नव्हतं. खांबेट्यांनी हॅम्बर्गला मुलीला फोन लावला.

“कुहू, आईचा काही फोन?”

“हो, आला होता. ठीक आहे ती. मजेत आहे.”

“कुठे आहे?”

“ते सांगायचं नाही असं तिनं सांगितलंय. फक्त गावातच आहे म्हणाली.”

“म्हणजे गाडीत बसली नाही?”

“अजून तरी नाही, बाबा,” कुहू म्हणाली आणि तिने ‘अजून’वर इतका जोर दिला की खांबेट्यांना फलाटावरची शिट्टी ऐकू आली.

आता शोधायचं कुठे? या गावातल्या प्रत्येक मनोऱ्याची उंची त्यांना माहीत होती, पण इथे एखादी बाई निवांत बसायची झाली तर कुठे बसेल, हे काही त्यांना माहीत नव्हतं. ते रस्त्यातच थांबले. नंदाला काय आवडतं? सावली. कुणीतरी काहीतरी हाताने करत असलेलं बघायला. पोरंटोरं. आणि ताजा पाव, त्याच्या वासाशी थांबून दोन वेळा श्वास घ्यायला.

मग ते पाववाल्यांकडे गेले. “चष्म्याच्या, कपाळाला टिकली, पायात पांढरे बूट, अशा बाई?” नाही, पण बेकरीतल्या मुलीने त्यांना सुकलेल्या घामासकट खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि आपल्याही आजीला हरवायची कशी सवय आहे ते सांगितलं. एका गल्लीत व्हायोलिन दुरुस्त करणारी बाई काचेमागे व्हायोलिनचं पोट उघडून बसली होती. तिने खांबेट्यांना आत बोलावलं आणि आतून ते कसं रिकामं असतं ते दाखवलं. दाखवलं! आणि खांबेट्यांनी पाहिलं. जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर एक मांजर तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांवर झोपलं होतं आणि दुकानदार म्हणत होता, त्या विषयाला याहून जास्त गिऱ्हाईक नाही. एका उघड्या दारातून खांबेटे चुकून एका अंगणात शिरले. तिथे अंजिराचं झाड, दोरीवर मोजे आणि झाडाखाली दोन म्हातारे काही न बोलता वाटाणे सोलत बसलेले. त्यांनाही टिकलीवाल्या बाई दिसल्या नव्हत्या. पण त्यांनी खांबेट्यांच्या हातात शेंगांची ओंजळ दिली आणि खांबेटे, ज्यांना आजवर कुणी बसताना पाहिलं नव्हतं, ते बसले आणि शेंगा सोलू लागले. संपल्यावरच उठले.

ऊन कलल्यावर त्यांना नंदाताई सापडल्या. नदीच्या पलीकडच्या गवतावर, बूट काढून, विद्यार्थ्यांच्या एका घोळक्याच्या कडेला बसून त्या चेरी खात होत्या.

“आलात?” नंदाताई म्हणाल्या. त्यांच्या पिशवीचा बंद बांधलेला होता. निघायच्या तयारीत असलेल्या माणसाचा असतो तसा.

“नंदा, मी—”

“मला माहीत आहे. कुठे कुठे शोधलंत?”

खांबेटे गवतावर टेकले आणि सांगू लागले. बेकरीतल्या मुलीची आजी, व्हायोलिनचं रिकामं पोट, मांजर, वाटाणे. त्यात एकही साल नव्हतं, एकही उंची नव्हती. नंदाताई बिया टाकायच्या थांबल्या.

“अंगणात दोरीवर काय होतं म्हणालात?”

“मोजे. पण गंमत म्हणजे सगळे एकेकटे. एकाही मोज्याला जोडीदार नाही.”

नंदाताई हसायला लागल्या. आधी नाकातून, मग तोंडातून, मग सगळ्या गवतावरून. शेजारची पोरंही कारण न कळता हसली.

“मी गाडी बघून ठेवली होती,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “एक गेली. म्हटलं, दुसरीपर्यंत बघू.”

“आणि दुसरी?”

“तुम्ही सांगता सांगता व्हायोलिनपर्यंत पोहोचला होतात तेव्हाच गेली.” त्यांनी पिशवीचा बंद सोडला आणि आतून रुमाल काढला. “चेरी घ्या. रेगेन्सबुर्गला परवा जाऊ. नदी काही कुठे जात नाही.”

“मग उद्या?”

“उद्या ते अंगण मला दाखवा.”

खांबेट्यांचा कानांवर विश्वास बसेना. “दाखवू? बोट करून?”

“बोट करून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खांबेटे तर्जनीला परवानगी मिळालेल्या ऐटीत निघाले. पहिल्या वळणावर डावीकडे बोट केलं. तिथे दातांचा दवाखाना होता. दुसऱ्या वळणावर उजवीकडे केलं. तिथे काल आपण वाकून गेलो होतो असं त्यांना ठाम आठवत होतं, पण दार बंद होतं आणि दारावर कुत्र्यापासून सावध राहायची पाटी होती. अंजीर नाही, वाटाणे नाहीत, मोजे नाहीत. या गावात त्यांचं बोट प्रथमच चुकत होतं आणि प्रत्येक चुकीबरोबर नंदाताईंची तबियत खुलत होती. दाताच्या दवाखान्यातल्या बाईशी त्यांची ओळख झाली. पाटीवरचं कुत्रं तीन पायांचं आणि अतिशय प्रेमळ निघालं.

दुपारी एका अनोळखी गल्लीत दोघं उभी असताना, गळ्यात कॅमेरे अडकवलेलं एक मराठी कुटुंब घाईघाईने समोर आलं.

“काका, किल्ल्याला कुठून जायचं हो?”

नंदाताईंनी खांबेट्यांकडे पाहिलं. खांबेट्यांनी गल्लीच्या या टोकाकडे पाहिलं, त्या टोकाकडे पाहिलं.

“आयला,” ते खुशीत म्हणाले, “काही कल्पना नाही बुवा. आम्हीच हरवलोय.”

“अरेरे! किती वेळ झाला?”

“सकाळपासून,” नंदाताई म्हणाल्या आणि पुढच्या उघड्या दारातून आत वाकून बघायला लागल्या. “अहो, इकडे या. इथे कोणीतरी जाम करतंय.”