अंदाजे किंमत रुपये पंधराशे

ते प्रकरण मनात आलं की आजही मला एका जागी बसवत नाही. खून, दरोडे, दंगली, सगळं पाहून निवृत्त झालो. त्यातलं बरंचसं आता कुणी विचारलं तरच आठवतं. पण एका जुन्या टाइपरायटरचं प्रकरण, ज्यात रक्ताचा थेंबही सांडला नाही, ते न विचारता समोर येऊन उभं राहतं. मग मी उठतो, अंगणात चार फेऱ्या मारतो. बायको आतूनच विचारते, "परत टाइपरायटर का?"

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. वाशिम तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख अकोल्याच्याच हाताखाली. मी कारंजा लाडला फौजदार होतो. कापसाचा मोसम चालू होता आणि त्या दिवसांत कारंज्याच्या ठाण्याला पाणी प्यायला फुरसत नसे. बाजारात गाड्यांच्या रांगा, मापावरून हमरीतुमरी, खिसेकापूंची दिवाळी. त्या धामधुमीत गावाबाहेरच्या एका जिनिंग कारखान्याचा हेडकारकून तक्रार घेऊन आला. ऑफिसचं कुलूप तोडून कुणीतरी मराठी टाइपरायटर नेला होता. अर्ज हाताने लिहिलेला, अक्षर मोत्यासारखं. मी सहज म्हणालो, अक्षर सुंदर आहे. तर म्हणाला, "मशीनच गेली साहेब, आता हातच चालवा लागते." मशीनचा नंबर दिला होता, स्थिती 'उत्तम' आणि किंमत पंधराशे रुपये.

दोन आठवडे काही हाती लागलं नाही. महिन्याच्या गुन्हे बैठकीत वरिष्ठांनी चारचौघांत माझ्याकडे बोट करून विचारलं, कारंज्यात नुसत्या नोंदीच होतात का? कान तापले. त्यानंतर मला झोप, जेवण काही सुचेना. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी माझी गत झाली होती.

खबर दिली ती एसटी स्टँडवरच्या एका हमालाने. त्याला मी अधूनमधून चहा पाजत असे. तो म्हणाला, "साहेब, गोणपाटात बांधेल एक जड पेटी म्या सोता मंगरूळच्या गाडीच्या टपावर चढवली. सामान कायचं होतं ते नाही सांगू शकत, पण आतमंधी काहीतरी टणटण वाजे." मी त्याच दुपारी एक शिपाई घेऊन मंगरूळपीर गाठलं. तिथल्या ठाण्यात हजेरी लावली, तहसील कचेरीसमोरच्या अर्ज लिहिणाऱ्यांना विचारलं. एकाने सांगितलं, बुद्धविहाराच्या मागे एक मुलगी पंधरा दिवसांपासून घरी अर्ज टाइप करून देते.

बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नाही, तिची चौकशी घरच्यांसमोर तिच्याच घरी करायची, हा नियम. आम्ही घरी गेलो. एकच खोली, वर टिनपत्रे, भिंतीवर बुद्धाची तसबीर. मुलगी बाविशीची असेल. खाली बसून टाइप करत होती. शेजारी एकाच अर्जाच्या दोन प्रती तयार होत्या आणि ती तोच अर्ज तिसऱ्यांदा मारत होती. मला वाटलं, धंदा जोरात दिसतो. मशीन पुढे ओढून नंबर पाहिला. तोच.

बाप बांधकाम खात्यात रस्त्यावरचा मजूर. पोलीस पाहून तो घाबरला नाही, उलट खुलला. मी काही बोलायच्या आत त्याने पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. मुलीची सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून निवड झाली होती. "तुमच्या खात्याचा चौकशीचा कागद तेवढा जायचा राह्यला साहेब. त्याच्याचसाठी आले न तुमी?"

मी कागद परत दिला आणि विचारलं, मशीन कुठून आणली.

"एक माणूस आला होता विकाले," मुलगी म्हणाली.

"कोण? नाव?"

"नाव नाही ठाव."

"पावती?"

तिने बापाकडे पाहिलं. "नाही."

"केवढ्याला घेतली?"

यावर ती शेजारच्या दोन प्रती जुळवू लागली. बाप म्हणाला, "सांग न बाई साहेबाले. साडेतीनशेले घेतली न?"

"हो. साडेतीनशेले," ती खाली पाहून म्हणाली.

माझ्यापुरता गुन्हा तिथेच उघडकीला आला. चोरीचा माल जाणूनबुजून घेतला हे शाबीत करायला आमच्या हाती सर्वांत सोपं हत्यार म्हणजे किंमत. पंधराशेची वस्तू साडेतीनशेत मिळते, पावती नाही, विकणाऱ्याचं नाव माहीत नाही आणि सांगताना नजर जमिनीत. आणखी काय पाहिजे? मी शिपायाला पंच आणायला पाठवलं.

एक पंच आला तो बाजारातला भांड्यांचा दुकानदार. जैन गृहस्थ, पन्नाशीचा, कपाळावर केशरी टिळा. मी पंचनामा लिहीत होतो तेव्हा त्याने मशीन उगाच इकडून तिकडे फिरवली, दोन कळा दाबल्या, रूळ बोटाने चाचपला.

"किती किंमत लिहून राह्यले साहेब?"

"अंदाजे पंधराशे."

"कोणाचा अंदाज?"

"फिर्यादीचा."

"मंग सही बी त्याचीच घ्या न."

मला राग आला. पंचनाम्यात 'अंदाजे किंमत' हा रकाना असतो आणि तो फिर्यादीत असेल तसाच भरायचा, ही आमची वर्षानुवर्षांची वहिवाट. त्यावर कुणी पंच कधी बोलला नव्हता. मी म्हणालो, नुसता अंदाज आहे, तुम्हाला कोण विचारणार?

"कोणी नाही विचारन. पण उद्या हेच मशीन कोणी माह्या दुकानात पंधराशेले घेऊन आला, तं मी घेईन काय? नाही घेईन. तं मंग सही कशी करू?" तो उठला, जोडे घातले. "घासूनपुसून चमकवलं हाये साहेब. आमी घासलेल्या भांड्याचं पहिले बूड पाहतो."

तो गेला. मी पानठेल्यावरच्या माणसाला बोलावून घेतलं. त्याने न वाचता सही केली.

यानंतर मी जे केलं ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. मंगरूळपीरच्या ठाण्यात त्या मुलीच्या वर्तणुकीच्या चौकशीचा कागद खरोखरच येऊन पडला होता. तिथला हवालदार म्हातारा, सावध माणूस. म्हणाला, "साहेब, आठ दिवस थांबलो तं काही बिघडत नाही." मी म्हणालो, आजच पाठवा. आणि शेरा मी स्वतः सांगून लिहून घेतला: चोरीचा माल घेतल्याच्या गुन्ह्यात संशयित. संध्याकाळच्या टपालात कागद गेला.

कारंज्याला परतताना मशीन शेजारच्या सीटवर ठेवली. कंडक्टरने तिचंही भाडं घेतलं. गुन्हा उघडकीला आणलेला फौजदार खुशीत असतो, पण मला वाटेत नीट बसवेना. तो भांडीवाला डोक्यातून जाईना. कोणाचा अंदाज? मी त्या मशीनची कळसुद्धा दाबून पाहिली नव्हती.

दोन दिवसांनी अकोल्याला काम निघालं. मुद्देमालाच्या वहीत नोंद करून मशीन सोबत घेतली आणि कचेऱ्यांच्या मशिनी दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याने वरून पाहिलंच नाही. सरळ उलटी केली, पोटात बॅटरी मारली, सुस्कारा सोडला. मग सहा कागद घेतले, मध्ये कार्बन घातले आणि एक ओळ मारली. वरचा कागद स्वच्छ होता. दुसऱ्यावर अक्षरांची नुसती सावली होती. तिसरा कोरा.

"ऑफिसची मशीन याच्यावर पारखते साहेब," तो म्हणाला. "एका कागदावर तं कोणतीबी मशीन नवरीसारखी दिसते. नवी रिबन लावली की झालं. याचा रबरी रूळ पार झिजून गेला. आतले असली पुर्जे काढून भंगारातले बसवले हायेत. अन् हे एका दिवसाचं काम नाही. सहा-आठ महिने आरामात खाल्लं कोणीतरी हिले."

"किंमत काय होईल?"

"दोनशे. तेबी अडाणी गिऱ्हाईक भेटलं तं."

तिसऱ्या कोऱ्या कागदाकडे पाहताना मला ती मुलगी दिसली, एकच अर्ज तिसऱ्यांदा मारणारी. तिच्या मशीनवर कार्बन उमटतच नव्हता. साडेतीनशेला घेतली तरी ती फसली होती. आणि फसलेल्या माणसाला मी चोराच्या रांगेत उभं केलं होतं.

मी तसाच मंगरूळपीरला गेलो. या वेळी बापाला शिपायाबरोबर चहाला पाठवलं. नियमात बसत नव्हतं, पण पाठवलं. दार सताड उघडं ठेवून मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि म्हणालो, "मशीन आतून गेलेली आहे."

"ठाव हाये मले," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशीच समजलं."

"मग परत का केली नाही?"

"कोणाले करू? कंपनीची शाखा बंद होऊन राह्यली, म्हणून सवलतीत देतो म्हणे. मी एक पान मारून पाह्यलं, चांगलं आलं. पत्ता देल्ला होता, तो खोटा निंघाला."

"साडेतीनशेला?"

ती आत गेली आणि पिठाच्या डब्यामागून घडी घातलेली पावती घेऊन आली. सातशे रुपये.

"माय वारली, तिच्या पाटल्या मोडल्या मी याच्यासाठी. मशीन खराब हाये समजलं, त्याच दिवशी बाबानं इचारलं, केवढे उरले? मी म्हटलं साडेतीनशेत आली, बाकीचे पोस्टात टाकले. आता तुमी बाबाच्या समोर इचारलं तं काय सांगू?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "कमी सांगतलं तं बाबाले बरं वाटन म्हणून कमी सांगतलं. कमी सांगतलं म्हणून चोर ठरन, हे मले काय माहीत?"

खाली गेलेली नजर मी अपराधाची समजलो होतो. ती लाजेची होती, आणि घरच्यांसमोर विचारायचं म्हणून बापाला समोर बसवणारा मीच होतो. मी निघालो तेव्हा ती म्हणाली, "बाबाले नका सांगू." मी मान हलवली आणि पावती खिशात घातली.

पुढचं काम एका सकाळचं होतं. जिनिंग कारखान्यात जाऊन जावक पत्रांची फाइल मागितली. हेडकारकुनाने हसत आणून दिली. मी मागे मागे चाळत गेलो. चोरी महिन्यापूर्वीची, पण आठ महिन्यांपासून एकही पत्र टाइप केलेलं नव्हतं. सगळी हाताने, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. मी खिशातली सातशेची पावती काढून फाइलीवर ठेवली. सही खोट्या नावाची, पण अक्षर तेच.

"मशीन उत्तम स्थितीत होती ना?" मी विचारलं. "मग आठ महिने हात का चालवत होता?"

त्याने दोन वेळा घसा साफ केला आणि पाणी मागितलं. त्याला हात लावावा लागला नाही. चांगले पुर्जे त्याने एकेक करून विकले होते. मालकाचा मुलगा हिशेब पाहायला यायचा होता, त्याआधी खोका मेहुण्याच्या हातून त्या मुलीच्या गळ्यात मारला आणि स्वतःच कुलूप तोडून चोरीची फिर्याद दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची तयारी मात्र माझी होती, त्यात त्याची काही मदत नव्हती.

मी लगोलग माझा शेरा दुरुस्त करणारा अहवाल पाठवला. मुलगी निर्दोष, साक्षीदार, असं ठळक लिहिलं. पुन्हा लिहिलं. शेवटी तिची निवड झाली होती त्या कचेरीत स्वतः जाऊन उभा राहिलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, पहिला शेरा आला त्याच आठवड्यात यादीतल्या पुढच्या नावाला हुकूम गेला. तो माणूस हजरही झाला. आता जागा नाही.

खटला उभा राहिला तेव्हा ती साक्षीला आली. बाप मागच्या बाकावर धुतलेला सदरा घालून बसला होता. सरकारी वकिलांनी विचारलं, मशीन केवढ्याला घेतली? तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं नाही, आणि म्हणाली, "सातशेले." बाप उठून बाहेर गेला. त्या एका शब्दावर खटला उभा होता. आरोपीला शिक्षा झाली आणि माझ्या नावावर शाबासकीची नोंद झाली.

त्या प्रकरणाने मला एक सवय लावली. पुढे नोकरीभर पंचनामा करताना मी पंचाला विचारत असे, तुम्ही स्वतः ही वस्तू केवढ्याला घ्याल? तो सांगेल तेच लिहायचो. वरिष्ठ हसत, पण त्या रकान्यामुळे दोन-तीन माणसं तरी वाचली. स्वस्त मिळालेल्या वस्तूने घेणाऱ्याचं पाप कळत नाही. आधी ती वस्तू उलटी करून पाहावी लागते. हे मला एका भांडीवाल्याने फुकट सांगितलं होतं, मी ते सातशेच्या पाटल्या आणि एक नोकरी गेल्यावर शिकलो. आणि ती किंमत मी मोजली नाही.

तिच्या साक्षीच्या दिवशी कोर्टाबाहेर बाप माझी वाट पाहत उभा होता. मला वाटलं, आता हा बोलणार, आणि बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. तो म्हणाला, "साहेब, चांगली, पारखून घेतलेली मशीन केवढ्याले पडते?"

मी म्हणालो, हजाराच्या आसपास.

"नोकरी तं गेली पोरीची. आता मशीनच पाह्यजे. मी जमवतो हळूहळू. तुमाले आता समजते त्यातलं, तं अकोल्याले येऊन तुमी पाहून देसान का?"

मी हो म्हणालो. पैसे जमले की पत्र टाका, येतो. पुढे माझी बदली झाली, नव्या ठाण्यात कामाचा डोंगर होता. सहा महिन्यांनी त्याचं पत्र फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, दोन ओळींचं: पैसे झाले, कधी येता? मी ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि या रविवारी, पुढच्या रविवारी, असं करत राहिलो. बदलीच्या गावाहून अकोल्याला दिवसातून दोन एसट्या सुटत होत्या. मी एकीतही चढलो नाही.