ठाण्यात जमा झालेल्या बंदुका

निवडणूक जाहीर झाली की आमच्या तालुक्यात परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. परवा मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला गेलो, तर बाकावर आमच्या पक्षाचे अण्णा बसलेले. प्रत्येक सभेत "खासगी बंदुका बंद करा" म्हणून गरजणारे अण्णा. मांडीवर तेल लावून चकचकीत केलेली बंदूक. शेजारी विरोधी पक्षाचे दादासाहेब, तेही आपली बंदूक घेऊन. बंदूक हा हक्क आहे, असं सांगत ते गावोगाव फिरतात.

"तुमची फार जुनी झाली हो," दादासाहेब म्हणाले.

"निकाल लागू द्या, मग दोघं जाऊन नवी बघू," अण्णा म्हणाले. मला पाहून ते चपापलेसुद्धा नाहीत. उलट हसून विचारलं, "काय, प्रचाराला येताय ना?"

बंदुकांच्या याच वादावरून माझं आणि सदूचं फाटलं. सदू माझा शेजारी, लहानपणापासूनचा दोस्त, पण दादासाहेबांचा माणूस. पुढे दारूबंदी आली, भोंग्यांचा नियम आला. कायदा कुठलाही असो, आम्ही समोरासमोर. माझ्या मुलीच्या लग्नाला तो शेजारच्या घरात असूनही आला नाही. अण्णा आणि दादासाहेबांसाठी ते नुसतं भाषण होतं. आम्ही मात्र ते खरं मानून घरात आणलं.

हवालदाराने दोन्ही बंदुकांना चिठ्ठ्या बांधल्या आणि एकाच कोपऱ्यात एकमेकींना टेकवून ठेवल्या. निकालानंतर त्या मालकांना परत मिळतील.

माझा सदू मी कुठल्या ठाण्यातून परत मागू?