वैशाखातली अठरा डिग्री

“पटावाळो हवे आपणने सायन्स भणावशे?”

ट्रस्टीसाहेब माईकवर बोलले. शिपाई आता आपल्याला सायन्स शिकवणार का? हॉल हसला. पुढच्या रांगेतले पाहुणे हसले, मास्तर हसले, मागची पोरं तर बाकं वाजवून हसली. त्यातल्या कितीतरी पोरांच्या ओकाऱ्या मी पुसलेल्या. बालवर्गात चड्डी ओली झाली की मलाच हाक मारायची ती.

माझ्या हातात पाण्याचा ट्रे. 

मी एवढंच म्हटलं होतं, “बेन, ही खालची रेघ खोटी आहे.”

जून महिना. शाळा नुकतीच उघडलेली, पावसाचा पत्ता नाही. बदलत्या हवामानाचा कार्यक्रम होता. नववीच्या पोरांनी होळीच्या आधीपासून रोजचा पारा लिहून मोठा तक्ता केलेला. वरची रेघ लाल, दिवसाची, पायऱ्यांसारखी नुसती वर चढत गेलेली. खालची निळी, रात्रीची. निळी रेघ फाल्गुनापासून जेठापर्यंत पट्टीने ओढल्यासारखी सरळ. अठरा. रोज अठरा. सायन्सच्या बेन, म्हणजे बाई, छडी फिरवून सांगत होत्या, दिवस तापतो पण रात्र थंड राहते, कुदरत सांभाळून घेते. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

मला त्या रेघेवर एक तारीख दिसत होती. वैशाखातली. त्या दिवशी माझी बायको गेली.

आधी माझं सांगतो. आजा संस्थानच्या फौजेत शिपाई, बाप रेल्वेच्या वर्कशॉपात हेल्पर, मी शाळेत शिपाई. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो, तीही रडतखडत. बडोद्यात वाडी भागात एका पोळात, म्हणजे दाटीच्या जुन्या गल्लीत राहतो. वरचा मजला, डोक्यावर पत्रे. तिथेच संसार केला. बायको साड्यांना फॉल लावायची. मूलबाळ नाही.

शाळेत एक जुने सर होते, आपले मराठीच. त्यांनी मैदानाच्या कडेला पांढरी पेटी बसवून घेतली, पट्ट्यापट्ट्यांची, आत वारा खेळता. पेटीत थर्मामीटर. काचेची वाकवलेली नळी, दोन्हीकडे पारा, पाऱ्याच्या डोक्यावर बारीक लोखंडी पिन. पारा पिनेला ढकलत नेतो आणि स्वतः मागे फिरतो. पिन तिथेच राहते. एका बाजूची पिन दिवसाचा सगळ्यात जास्त ताप सांगते, दुसरी रात्रीचा सगळ्यात कमी.

सर म्हणाले, “तू सगळ्यांच्या आधी येतोस. तूच वाचत जा.”

“सर, मी काय वाचणार?”

“आकडे येतात ना? मग झालं. डोळा पाऱ्याच्या सरळ रेषेत ठेव. आकडा लिही. आणि लिहून झालं की लोहचुंबकाने दोन्ही पिना ओढून पाऱ्याला टेकव. हे विसरलास तर उद्याचा आकडा मेला. कालचंच भूत दिसत राहील.”

अकरा वर्षं वाचलं. एक दिवस चुकवला नाही. दिवाळीला गेलो, तापात गेलो, नदी चढून रस्त्यावर आली तेव्हा लेंगा वर करून गेलो. लोहचुंबक सुतळीला बांधून गळ्यात. बायको म्हणायची, “अहो, लोकांच्या गळ्यात माळ, तुमच्या गळ्यात हे लोढणं!” पण संध्याकाळी घरी आलो की पहिलं विचारायची, “आज किती?”

सर रिटायर होताना म्हणाले, “दिवसाच्या पाऱ्याला सगळे घाबरतात. तू रात्रीचा बघ. रात्र निवायची थांबली, की माणसं मरायला लागतील. आवाज न करता.”

मी बघत होतो. वैशाखातला पहाटेचा आकडा आधी पंचविसाच्या आसपास असायचा. मग सव्वीस, सत्तावीस. एखादं वर्ष उतरायचा, पण परत वर. घरातही कळत होतं. पूर्वी पहाटे पत्र्याला हात लावला तर गार लागायचा. आता कोमट. माठातलं पाणी कोमट. बायको ओली साडी अंगावर घेऊन निजायची, पहाटेच्या आत साडी वाळलेली.

मग शाळा बदलली. इंग्रजी मीडियम झाली, नवी इमारत, कॉम्प्युटरच्या खोलीला एसी. नव्या बेन आल्या. पोरांना हवामान शिकवायचं, प्रोजेक्ट करायचा, बक्षिसाला पाठवायचा. एका सकाळी त्यांनी मला पेटीपाशी पाहिलं.

“काका, आजपासून तुम्ही हात नाही लावायचा. आ पटावाळानुं काम नथी. स्टुडंट करतील.” हे शिपायाचं काम नाही म्हणे.

मी म्हटलं, “बेन, पोरांना पिन उतरवायला शिकवतो. दोन मिनिटं.”

“मला येतं, काका. एम.एस्सी. आहे मी.”

मी त्या दिवसाच्या पिना उतरवल्या आणि लोहचुंबक दिलं. त्यांनी ते लोखंडी नोटीसबोर्डावर एका कागदाला लावून टाकलं. पेटीला कुलूप. किल्ली बेनकडे. सुट्टीतही पोरं पाळीने गाडीतून यायची, आत डोकावायची, लिहायची, जायची. मला फाटक उघडायचं काम.

त्या वैशाखात बायको एका सकाळी उठली नाही. म्हणजे डोळे उघडले, पण मला ओळखेना. अंग तव्यासारखं, घाम नाही. रिक्षात घातली, सरकारी दवाखान्यात नेली. दुपारी गेली. डॉक्टर पोरगी होती, थकलेली. म्हणाली, “दिवसाचा ताप शरीर सोसतं, दादा. रात्री निवायला मिळालं नाही.”

तेराव्यानंतर कामावर आलो. आणि आता हॉलमध्ये हा तक्ता. त्या रात्री अठरा डिग्री.

मला एका नजरेत कळलं. पिन कुणी उतरवलीच नव्हती. होळीच्या आधी एखाद्या पहाटे पारा अठराला गेला, पिन तिथे अडकली, ती अडकलीच. पोरं चार महिने तेच भूत लिहीत होती. पण एवढ्या हॉलमध्ये एकालाही शंका आली नाही. एम.एस्सी.ला नाही, पाहुण्यांना नाही. का? ज्यांच्या खोलीत रात्रभर एसी अठरावर चालतो, त्यांना वैशाखातली रात्र अठराची खरीच वाटणार. त्यांनी दुसरी रात्र बघितलीच नव्हती.

म्हणून बोललो. म्हणून हसले.

“पाणी मूको ने जाओ, काका,” बेन दात आवळून म्हणाल्या. पाणी ठेवा आणि निघा.

मी ट्रे खाली ठेवला. पाहुण्यांच्या पायाशीच. बाहेर गेलो, नोटीसबोर्डावरचं लोहचुंबक काढलं, कागद पडला तो पडू दिला. परत हॉलमध्ये आलो आणि हात पुढे केला.

“बेन, किल्ली.”

कुणी हसलं नाही आता. तक्त्याजवळ नववीतली एक मुलगी उभी होती, रेघ तिनेच काढलेली. बेनपुढच्या टेबलावरची किल्ली तिनेच उचलली आणि माझ्या पुढे चालायला लागली. मागून बेन ओरडत होत्या.

मी तिच्यासमोर पिना उतरवल्या. दुपार होती, पारा एकोणचाळीसला. पिन सरसर येऊन पाऱ्याला टेकली. ती म्हणाली, “काका, आ तो कोईए शिखवाड्युंज नथी.” हे कुणी शिकवलंच नाही.

“उद्या साडेसातला ये,” मी म्हटलं.

ती किल्ली घेऊन आली. वाकली, डोळा सरळ रेषेत ठेवला. मग म्हणाली, “ओगणत्रीस.” एकोणतीस.

दहा वाजता प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावलं. ट्रस्टीसाहेब बसलेले. समोर कोरा कागद. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, “लिहा, विचारल्याशिवाय साधनाला हात लावला, पाहुण्यांसमोर गैरवर्तन केलं, माफी मागतो. लिहा एटले वात पती.” विषय संपला म्हणे.

मी गुजरातीत लिहिलं, म्हणजे समजलं नाही अशी सबब नको. चार ओळी. ‘पिन उतरवली नव्हती. चार महिने पोरांना खोटं शिकवलं. तक्त्यात अठरा लिहिलंय त्या रात्रीच्या उकाड्याने माझी बायको मेली. माफी तुम्ही मागायची आहे.’ खाली सही, पूर्ण नावाने.

ट्रस्टीसाहेब वाचत असताना मी बसलो. त्या खोलीत पहिल्यांदा खुर्चीवर बसलो.

मला काढलं नाही, मागच्या फाटकावर टाकलं. तक्ता बक्षिसाला गेला तो तसाच, अठराच्या रेघेसकट. त्या मुलीलाही वर्गात बोलणी खावी लागली. पेटीला नवं कुलूप. मी रिटायर होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.

पण एक गोष्ट मला आतून कुरतडते. ती शाळेने केलेली नाही, मी केली. बेनने हात लावू नको म्हटलं आणि मी ऐकलं. मुकाट लोहचुंबक काढून दिलं. अकरा वर्षांचे आकडे माझ्या वहीत आहेत, आणि ती एक रात्र नाही. ती किती तापली होती, हे जगात कुठेच लिहिलेलं नाही.

आता पोळात पत्र्याखालच्या पाच खोल्यांत मी थर्मामीटर लावलेत. पेटी नाही, भिंतीवरच. सर असते तर रागावले असते, पण माणसं पेटीत निजत नाहीत. पोळातल्या पोरापोरींना मी वाचायला शिकवतो. रात्रीचा पारा म्हणजे काय ते सांगतो, आणि घाबरायला सांगतो. मागच्या वैशाखात समोरच्या खोलीत पहाटे तेहतीस होता. तिथे एक म्हातारी एकटी राहते.

यापुढे या गल्लीत कुणी उकाड्याने गेलं, तर त्या रात्रीचा आकडा माझ्याकडे असेल. मागेल त्याला देईन. जो मागणार नाही, त्याच्या दारात उभा राहून वाचून दाखवीन. मोठ्याने. हसू देत.