कोठीतलं झुंबर आणि सुखदेव जमादार

१९६१ साल. मी तेवीस वर्षांचा, पोलाद कारखान्याच्या भट्टीच्या बांधकामावर रिगर, म्हणजे जड लोखंड दोरांनी बांधून क्रेनने वर चढवणारा, आणि माझ्या डोक्यावर टोळीचे मुकादम सुखदेव जमादार. लटकलेल्या वस्तूखालून जाताना हा माणूस मी कधी पाहिला नाही. क्रेनला लोड असो की दोरीवर वाळत घातलेली चादर, जमादार वळसा घालूनच जायचे. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, "हस बे, हस. वर लटकते ते आपलं सोयरं नसते."

लोड उचलताना क्रेनवाल्याला इशारा एकानेच द्यायचा, बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं, हा त्यांचा कायदा. मी पहिल्यापासून हट्टी. एकदा विचारलंच, "मी कावून नाही द्यायचा इशारा?" ते म्हणाले, "एका घोड्यावर दोन नवरदेव बसते काय गा?" मी तिसरीपर्यंत शिकलेला, मला तेवढं पुरलं.

त्या वर्षी माझं लग्न जमत नव्हतं. आई-वडील मागेच गेलेले, म्हणून जमादारच माझे वडीलधारे. आमच्यात मुलीचा बाप आधी मुलाचं घर पाहतो, आणि माझं घर म्हणजे सहा जणांची टिनाची खोली. दोन स्थळं ती खोली पाहूनच परत गेली होती. तिसरं स्थळ चरोद्याची शांता. तिचे वडील मेश्राम मामा रेल्वे यार्डात शंटिंगला, डबे जोडण्या-सोडण्याच्या कामावर होते. शांताला मी एका लग्नात पाहिलं होतं आणि मनात धरून बसलो होतो.

"खोली दाखवणार नाही," मी म्हणालो. "दुसऱ्याचं घर माझं म्हणून तर मुळीच दाखवणार नाही."

जमादारांनी विडी संपवली. "दुर्गच्या पलीकडं मालगुजाराची वाड्यावानी कोठी हाये. मालक शहरात गेले, सामान जसंच्या तसं ठेवून लोकाइले पाहाले उघडली. तेथंच भेटू. तुह्या आज्याले फाटकात उभं केलं नसतं. तू मोठ्या दारातून जाशीन."

रविवारी गेलो. जयभीम झाला. कोरीव पलंग, माणसाहून उंच आरसे, जाजमावर मखमली खुर्च्या. जणू मालक आतल्या खोलीत जाऊन आत्ता येणार. शांता आईच्या मागे उभी राहून सगळं पाहत होती. दिवाणखान्यात शिरता शिरता मामांनी विचारलंच, "तुमचं घर कोठं हाये, जावईबापू व्हणार असान त?"

मी मान ताठ ठेवली. "घर नाही. टिनाची खोली. सहा जण राहतो."

हात मागे बांधून चालत चालत मामा मधोमध गेले. वर भलंमोठं झुंबर होतं. तेवढ्यात जमादार ओरडले, "हटा!" आणि धावत जाऊन त्यांनी मामांना कॉलरला धरून मागे खेचलं. मामांची टोपी जाजमावर पडली. चौकीदार पळत आला. "अरे, दादा-परदादा के जमाने से टंगा है!"

"म्हणूनच त!" जमादार म्हणाले.

झुंबर जागचं हललंही नव्हतं. गेलं हेही स्थळ.

मामांनी टोपी उचलून झटकली. "जमादार, हे काय व्हय?"

"माफी करा, मामा. सवय हाये. माह्या टोळीत भाराखाली कोणीच उभं राहत नाही."

"टोळीतला माणूस गेला कोणी?"

"नाही. आतापर्यंत एकही नाही."

मामांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे. "माहा लहाना भाऊ यार्डात दोन डब्यांच्या मधात गेला. त्याले ओढाले कोणी नव्हतं." टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "घर होते हळूहळू. पोट्टा ह्यांच्या हाताखाली हाये, म्हंजे सांजेले परत येईन. काय वं शांता?"

आईच्या मागून आवाज आला, "पाच जणाइले दुसरीकडं खोली पाहाले सांगा."

चौकीदारसुद्धा हसला.

जमादार म्हातारपणी बोरसीला मुलाकडे राहिले. खाटेच्या वर छताला पंखा टांगू दिला नाही, टेबलावरचाच पाहिजे. त्याच खाटेवर, झोपेत, सुखानं गेले. त्यांच्या टोळीतले आम्ही सगळे म्हातारे खांदा द्यायला हजर होतो. जमादार कसे होते, हे यावरूनच समजा.

त्या रविवारी मात्र कोठीतून परतताना छातीवरचा दगड उतरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीच्या आधी मी पॉवर हाऊस वस्तीच्या बाजारात गेलो. माझ्याकडे जेवायला एकच थाळी होती. दुसरी घेतली.