ओठ न हलवता

बाईंनी माझ्या दातांत फूटपट्टी धरायला लावली.

लाकडाची, बारा इंची. आडवी. "आता बघते कसे ओठ हलतात," बाई म्हणाल्या. वर्ग हसला. साठ पोरं एकदम हसली की कसा आवाज होतो, ते मला अजून ऐकू येतं.

मौनवाचनाचा तास होता. मी आठवीत. शाळा नाशिकमधली, नावाजलेली. फाटकावरच मोठा फळा होता, दहावीचा निकाल शंभर टक्के. धडा मनातल्या मनात वाचायचा, ओठ न हलवता, आणि मग बाई प्रश्न विचारणार. मला ते जमायचं नाही. नुसत्या डोळ्यांनी वाचलं की अक्षरं दिसायची आणि निघून जायची. तोंडाने म्हटलं, कानावर पडलं, की वाक्य डोक्यात बसायचं. कायमचं. मी पुटपुटायचे. इतकं हळू की शेजारच्या पोरीलाही ऐकू जायचं नाही. पण बाईंना ओठ दिसायचे.

"हा वर्ग आहे. तुमच्या वस्तीतला कालवा इथे चालणार नाही," त्या म्हणाल्या.

पट्टी धरून अर्धा तास. लाळ सुटली. हनुवटीवरून ओघळून पुस्तकावर पडली. त्या पानावरचा एक शब्द मला कळला नाही. तास संपल्यावर बाई म्हणाल्या, "धुऊन आण." मी नळावर पट्टी धुतली, पुन्हा धुतली, फ्रॉकला पुसली आणि नेऊन दिली. बाईंनी हात पुढे केला नाही. "ठेव तिकडे." दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात नवी पट्टी होती. जुनी खिडकीत पडून राहिली. तिला कोणी शिवलं नाही.

का शिवलं नाही, ते मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

आमच्या घरात सगळं शिकणं कानाचं. आईला अक्षर येत नव्हतं. विहारात संध्याकाळी वंदना व्हायची, ती आईने ऐकून पाठ केली, आणि आईच्या तोंडून ऐकून मी. शाळेत जायच्या आधी. अण्णा, माझे वडील, सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होते. मशीनचा आवाज जरा बदलला की अण्णा दुरून सांगायचे, कुठे काय ढिलं झालंय. इंजिनीअर कागद उघडून बघेपर्यंत अण्णांचा पाना चाललेला असायचा. ते कमी शिकलेले होते, पण त्यांना काही येत नाही असं मला कधी वाटलं नाही. शाळेत येऊन वाटायला लागलं. अण्णांबद्दलही, माझ्याबद्दलही.

आमच्याच वर्गात संस्कृतचा तास व्हायचा. पुढच्या बाकांवरची पोरं श्लोक म्हणायची. मोठ्याने, डोलत, एका सुरात. त्याच बाई दारात उभ्या राहून ऐकायच्या. "पाठांतर असं हवं," म्हणायच्या. "हे घरचे संस्कार." मी मागच्या बाकावर बसून बघायचे. त्यांचेही ओठच हलत होते.

माझ्या बाकावर कविता होती. पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरची. तिचे वडील गंगापूर रोडला एका इमारतीवर वॉचमन होते. तिचं शिकणं हातात होतं. फळ्यावरचा कोन तिला कळायचा नाही. मग ती वर्गाचं दार थोडं उघडायची, आणखी थोडं उघडायची, आणि म्हणायची, "हा काटकोन. आता ह्यो वाढला. बघ." अपूर्णांक तिने मला कागदाच्या घड्या घालून शिकवले. वर्षभर फळ्याकडे बघून जे कळलं नव्हतं, ते मधल्या सुट्टीत कळलं. मी तिला धडे वाचून दाखवायचे, संडासामागच्या भिंतीपाशी, कारण तिथे कोणी येत नसे. गणिताच्या सरांनी एकदा तिच्या घड्या घातलेले कागद गोळा केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. "खेळायला येता का शाळेत?"

नववीत गेलो. दिवाळीनंतर हजेरीपटावर लाल टिंबं आली.

ती कविताला आधी दिसली. बाई पट टेबलावर उघडा ठेवून बाहेर गेल्या होत्या. सात नावांपुढे टिंब होतं. पेनाच्या टोकाने नीट काढलेलं, लहान. माझ्या नावापुढे. तिच्या नावापुढे. बाकीची पाच मागच्याच बाकांवरची. "हे काय असंल गं?" कविताने विचारलं. मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

पण त्या दिवसापासून काहीतरी बदललं. आमच्या वह्या तपासणं बंद झालं. आम्हाला प्रश्न विचारणं बंद झालं. मी मुद्दाम पुटपुटून पाहिलं. बाईंनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. रागावल्या नाहीत. त्या न रागावण्याची मला फूटपट्टीपेक्षा जास्त भीती वाटली. तपासणीला साहेब येणार होते त्या दिवशी शिपाई आला आणि आम्हा सातजणांना प्रयोगशाळेमागच्या खोलीत नेलं. मोडकी बाकं, जुने नकाशे. "गप बसा," म्हणाला आणि बाहेरून कडी लावली. आम्ही चार तास बसलो. कोणी रडलं नाही. कविताने जमिनीवरच्या धुळीत बोटाने चौकोन काढले आणि पुसले, पुन्हा काढले. पलीकडून आमच्या वर्गाचा आवाज येत होता. सगळे एका सुरात उत्तर देत होते.

एप्रिलमध्ये घरी चिठ्ठी आली. पालकांनी भेटावे.

अण्णा रात्रपाळी करून तसेच शाळेत आले. डोळे लाल, हाताला तेलाचा वास. ऑफिसबाहेर बाक होतं. आमच्या आधी कविता आणि तिचे वडील आत होते. थोड्या वेळाने बाहेर आले. तिचे वडील हसत होते. अंगठ्याला शाई. हातात दुमडलेला कागद.

"पोरगी पास झाली म्हने," ते अण्णांना म्हणाले. "सायबांनी स्वतः सांगितलं."

कविताही हसली. मला हात केला आणि गेली.

आत हेडसर होते आणि टेबलाच्या कोपऱ्यावर क्लार्क. अण्णांना बसा म्हणाले नाहीत. हेडसरांचा आवाज गोड होता. इतका गोड आवाज त्या शाळेत आमच्याशी कोणी काढला नव्हता.

"हे बघा, मुलगी चांगली आहे. पण तिला शिकवलेलं डोक्यात शिरत नाही. काही मुलं असतात अशी. दहावी तिला झेपणार नाही. आम्ही तिला नववी पास देतो. तुम्ही दाखला घेऊन जा, दुसरीकडे बघा. तिच्याच भल्याचं आहे."

"आणि न्हाई घेतला तर?" अण्णांनी विचारलं.

"मग मार्कांप्रमाणे होईल. नापास."

क्लार्कने कागद सरकवला. अर्ज. आधीच टाइप केलेला. नावाची जागा तेवढी मोकळी होती, त्यात माझं नाव हाताने लिहिलेलं. खाली फुलीची खूण केली होती, सही इथे. क्लार्कने स्वतःचं पेन उघडून अण्णांच्या हातात दिलं.

अण्णांनी कागदाकडे पाहिलं. त्यांना वाचता येत होतं, पण सावकाश. साहेबांपुढे सावकाश वाचायची त्यांना लाज वाटायची, मला माहीत होतं. ते सही करणार होते. पेन फुलीपर्यंत गेलं होतं.

मी कागद ओढून घेतला.

आणि वाचला. मोठ्याने. मला वाचता येतं तसा.

"माझी पाल्य हिला आपल्या शाळेतील अभ्यास झेपत नसल्याने, मी स्वखुशीने तिचा दाखला मागत आहे. याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही."

हेडसर म्हणाले, "मनात वाच."

मी पुन्हा वाचला. पहिल्यापेक्षा मोठ्याने. बाहेरच्या बाकावरचे पालक दारात येऊन उभे राहिले. क्लार्क उठला. "पोरी, आण इकडे." मी दिला नाही. तोंडाने म्हणता म्हणता मला सगळं कळत गेलं. लाल टिंबं. न तपासलेल्या वह्या. कडी लावलेली खोली. फाटकावरचा फळा शंभर टक्के कसा राहतो.

"स्वखुशीनं म्हंजी?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे आपल्या मर्जीने. हे आपल्याला काढत नाहीत, आपणच जातोय, असं लिहिलंय. अण्णा, ही खोटी गोष्ट आहे. सही करू नका."

हेडसर म्हणाले, "तुमच्यासारख्यांनी एवढा ताठा बरा नव्हे. तुम्ही विचार करा, पोरीचं वर्ष जाईल."

अण्णांनी पेनाला टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवलं.

"नापास करा, साहेब," ते म्हणाले. "दाखला नको."

ते दाराकडे वळले.

मी फाटकापर्यंत पळत गेले. कविता आणि तिचे वडील निघून गेले होते.

मला नापास केलं. मी तीच नववी पुन्हा केली. त्या वर्षी मला दाराजवळच्या बाकावर एकटीला बसवलं आणि कोणत्याही शिक्षकाने माझं नाव घेतलं नाही. मी घरी भिंतीकडे तोंड करून धडे म्हणायचे, आई भाकरी थापता थापता ऐकायची आणि मी अडखळले की "मागचं पुन्हा म्हण" म्हणायची. तिला अर्थ कळत नव्हता, पण कुठे सूर तुटला ते कळायचं. दहावी त्याच शाळेतून झाले. पास झाले. शाळेत कोणी पेढा दिला नाही, मीही कोणाला दिला नाही.

बाकी सहाजणांच्या सह्या झाल्या होत्या. सहाही.

कविताच्या दाखल्यावर लिहिलं होतं, अभ्यासातील प्रगती असमाधानकारक. तो शेरा बघून दोन शाळांनी तिला घेतलं नाही. तिसऱ्या शाळेत तिचे वडील गेलेच नाहीत. काही वर्षांनी ती मला पिंपळगाव बसवंतला भेटली, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये. मी कामावरच्या मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते, कुणीतरी सांगितलं म्हणून तिला शोधत आत गेले. थंडगार शेड. डोक्याला कापडी टोपी. ती हातावर घड घ्यायची आणि काट्यावर न ठेवता वजन सांगायची. चुकत नव्हती. मुकादम तिला सोडायला तयार नव्हता.

तिने हातातला घड खाली ठेवला.

"तुला वाचता येत व्हतं ना तो कागद?" तिने विचारलं.

"हो."

"मंग आमी आत गेलो तवा तू बाहेरच बसली व्हतीस."

मला तेव्हा माहीत नव्हतं, असं मी म्हणाले. ते खरं होतं. तिने मान हलवली आणि पुढचा घड उचलला. तिने मला माफ केलं नाही. करूही नये.

आता मी सातपूरला एका वर्कशॉपमध्ये मालाच्या तपासणीला आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये निकालाच्या आठवड्यात रजा टाकते. त्या शाळेसमोर उभी राहते, आणखी दोन शाळांसमोर राहते. ज्यांना चिठ्ठी आलीय ते लगेच ओळखू येतात. धुतलेला शर्ट घालून येतात, पोरगं मागे मान खाली घालून. मी त्यांना थांबवते. आत कागद देतील, सही करू नका, आधी बाहेर आणा, म्हणते. काही आणतात. काही मला झिडकारून पुढे जातात.

पहिल्या वर्षी शिपायाने हाकललं. दुसऱ्या वर्षी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या माणसाने माझ्या मालकाला फोन केला. गेल्या वर्षी दोघेजण मोटारसायकलवर माझ्या मागे घरापर्यंत आले. गल्लीच्या तोंडाशी थांबले, इंजिन चालूच. एकजण म्हणाला, "ताई, नोकरी करा, सुखात राहा. कशाला घसा फोडता?" माझं घर कुठलं ते बघून गेले. तेव्हापासून त्या गाडीचा आवाज मला ओळखता येतो. या महिन्यात दोनदा आला.

रजेचा अर्ज मी कालच दिला आहे. सोमवारी सकाळी सातला मी फाटकाबाहेर असेन. ज्याच्या हातात तो कागद असेल त्याला मी तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवणार आहे. आत ऑफिसात बसलेल्याला ऐकू जाईल, एवढ्या मोठ्याने.