दक्षिणमुखी घराचा इसार

वास्तुशास्त्राच्या विरोधातलं आमच्या विवेकवादी गटाचं पत्रक मी लिहिलं होतं. ‘दिशा चार, लूट एक!’ असा मथळा, दोन्ही बाजूंनी गच्च मजकूर, कागद गुलाबी, कारण छापखान्यातला पांढरा संपला होता. शहरात घरांचं प्रदर्शन भरलं की आम्ही फाटकाबाहेर उभं राहून ते वाटायचो. लोक घ्यायचे, दुमडायचे आणि आत जाऊन त्यावर समोसा ठेवून खायचे. समोशाबद्दल माझी तक्रार नाही. भुकेल्या माणसाच्या हातात सत्य पडलं की त्याचं हेच होतं.

पत्रकासाठी मी चार-पाच प्रॉपर्टी डीलरांना भेटले होते. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी फार रागाने छापली. पूर्वमुखी घर बघता बघता विकलं जातं. दक्षिणमुखी घर पडून राहतं आणि शेवटी मालक कंटाळून भाव पाडतो. दक्षिण म्हणे यमाची दिशा. वीट तीच, सिमेंट तेच, गल्लीला पाणी येतं तेही एकाच टाकीतून, पण दार तिकडे म्हणून भाव खाली. हा अन्याय आहे, असं मी ठळक अक्षरात लिहिलं.

आईने पत्रक वाचलं. म्हणजे तेवढाच एक परिच्छेद वाचला.

“मंग आपून थेच घेऊ ना वं,” ती म्हणाली.

आम्ही नागपूरच्या वेशीवर वाडी या उपनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मागे गोदाम. दिवसभर ट्रक मागे घेताना वाजणारी टीं-टीं, आणि डाळीच्या डब्यांवर रोज नवी धूळ. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा, त्यामुळे आईचं वर्षही अकरा महिन्यांचंच झालं होतं. करार संपला की घरमालकाला भाचा-पुतण्या कोणीतरी आठवायचा, त्याला खोली हवी असायची आणि आमचं सामान हातठेल्यावर चढायचं. वाडीच्या वाडीत आम्ही पाच घरं बदलली. पितळेची भांडी तर आईने गेल्या दोन घरांत पोत्यातून काढलीच नव्हती. “काहाले काढू?” म्हणायची. बाबा एका ट्रान्सपोर्टच्या बुकिंग काउंटरवरून निवृत्त झाले आणि त्यांचा फंड हातात आला. तो त्यांच्यासारखाच होता, थोडका आणि गप्प. पूर्वमुखी घराला तो पुरत नव्हता. दक्षिणमुखीला ओढूनताणून पुरत होता.

मला हा बेत तत्त्वतः पटला. विवेकी कुटुंबाने दक्षिणमुखी घरात राहून दाखवणं, यापेक्षा मोठा प्रचार कुठला, असं मी आमच्या बैठकीत सांगितलं. टाळ्याही पडल्या. खरं सांगायचं तर त्यात क्रांती नव्हती, सवलत होती. आम्हाला घर परवडावं म्हणून बाकीच्या नागपूरने आणखी थोडे दिवस अडाणी राहायला हवं होतं. रजिस्ट्री होईपर्यंत अंधश्रद्धा टिकली पाहिजे. नंतर मी तिचं निर्मूलन करायला मोकळी.

आमच्या डीलरकडे दोन शास्त्रं होती. विकणाऱ्याकडे गेला की म्हणायचा, “साउथ फेसिंग हाय जी, कोनी हात नाई लावून राहिलं. भेटते थे घ्या.” घेणाऱ्याकडे आला की, “मारुती बी दक्षिणमुखीच असते ना काकू! उलट पावरफुल.” दोन्ही वाक्यं तो सारख्याच श्रद्धेने बोलायचा. मी त्याला एकदा चांगलं सुनावलं. तो बिलकूल रागावला नाही.

“मॅडम, माह्यं सोताचं घर साउथच हाय. मले काई नाई झालं. पन हे मी सांगत फिरलो तं धंदा कसा करू?”

आम्हीही त्याच्या याच धंद्यावर डोळा ठेवून होतो.

त्याने नंदनवन नावाच्या वस्तीत एक घर काढलं. एकमजली, दोन खोल्या आणि सैपाकघर, मागे सीताफळाचं झाड. मालक एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, एकटेच राहणारे. मुलगा पुण्याला बोलावत होता. घर तीन वर्षांपासून विकायला काढलेलं. दाखवायला नेण्याआधी डीलरने आम्हाला ऑटोतच धडा दिला. काकूंनी दाराकडे पाहायचं, उसासा टाकायचा आणि ‘दक्षिण हाय ना जी’ एवढंच म्हणायचं.

“आन् मॅडमनं तोंड उघडाचंच नाई.”

दाराकडे पाहायचं तर दार दिसायला हवं होतं. आम्ही घराच्या बाजूच्या बोळातून, मोरी ओलांडून, सैपाकघरातून आत शिरलो. पुढच्या खोलीत समोरच्या दाराला लागून एक लोखंडी कपाट उभं होतं. दार त्याच्यामागे. कुठल्यातरी वास्तुतज्ज्ञाने फी घेऊन हा उपाय सांगितला होता. मालककाका तीन वर्षं स्वतःच्या घरात मोरीवरून ये-जा करत होते.

आईने त्या दिवशी जे काम केलं त्याला तोड नाही. तिने कपाटाकडे पाहिलं, पदर सावरला, एक पाऊल मागे घेतलं आणि इतका लांब उसासा टाकला की मलाच क्षणभर भीती वाटली. “दक्षिण हाय ना जी. घरचे काय म्हनतीन…” काकांनी मान खाली घातली. चोरी पकडली गेल्यासारखी. मी सैपाकघराच्या उघड्या दारातून मागचं सीताफळाचं झाड पाहत राहिले. भाव तिथल्या तिथे खाली आला. मला लाज वाटायला हवी होती. पण कोणत्या भिंतीला माझा पुस्तकांचा रॅक लागेल, याचा मी अंदाज घेत होते.

आठवड्याने इसार द्यायला गेलो. आई, मी आणि डीलर. बाबा आले नाहीत. अशा ठिकाणी मला बोलता येत नाही, म्हणाले. आईने कापडी पिशवीत पैसे आणि वर एक नारळ ठेवला होता. नारळावरून आमचं बसस्टॉपपर्यंत भांडण झालं आणि ते आई जिंकली. काकांनी टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरला होता. इसारचिठ्ठी डीलरने लिहून आणली होती. पेन काकांच्या हातात होता. त्यांनी तो खाली ठेवला.

“बाई, सही कराच्या पयले एक गोष्ट सांगाची हाय. नाई तं तुमी म्हनान, म्हाताऱ्यानं फसवलं.”

“बोला ना भाऊ,” आई म्हणाली.

“हा प्लॉट म्या स्वस्त भेटला म्हनून घेतला. लेआउटमंधी दक्षिणमुखी हा एकच उरला होता. घरची म्हने, थांबा, पैसे जमू द्या, पूर्वेचा घेऊ. म्या नाई ऐकलं. राहाले आलो आन् दोन वर्सांत थे गेली. किडनी. तिच्या माहेरचे दहाव्यालेच बोलले, दारानं खाल्ली म्हने. म्या दोन पैसे वाचवाले गेलो आन्…”

मग त्यांनी आईकडे पाहून हात जोडले.

“तुमी लेकराबाळायचे. थे दार उघडू नोका. सैपाकघरातूनच येत जा.”

डीलर पंख्याकडे पाहू लागला. टेबलाखाली आईचा पाय माझ्या पायावर आला आणि जोर लावून तिथेच राहिला.

मी गप्प बसायला हवं होतं. सही झाल्यावर सांगता आलं असतं. रजिस्ट्रीनंतर, चहा पिता पिता, पुण्याच्या गाडीत बसवून देतानाही सांगता आलं असतं. हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण माझ्यासमोर एक माणूस बायकोच्या खुनाची कबुली देत होता, आणि खून झालेलाच नव्हता.

“काका, तुम्ही एसटीत कोणत्या रूटवर होता?”

“चंद्रपूर. रिटायर होयेपर्यंत थेच.”

“चंद्रपूर कोणत्या दिशेला आहे?”

त्यांनी हात उचलला आणि थेट कपाटाकडे दाखवला. हात तसाच राहिला.

“इतकी वर्षं रोज तिकडेच गाडी घेऊन गेलात. किती माणसं मेली?”

“माह्या गाडीत?” ते ताठ झाले. “एकबी नाई. विनाअपघाताचा बिल्ला हाय माह्याजवळ.”

“मग यमाने भरलेली बस रोज सोडून दिली, आणि घरात भाकरी टाकणाऱ्या काकूंना तेवढं धरलं?”

“चूप राह्य वं,” आई आता उघडच म्हणाली.

“काकूंना शुगर होती?”

“होती ना. लग्नानंतर चार-पाच वर्सांतच लागली.”

“म्हणजे हा प्लॉट घ्यायच्या किती आधी?”

ते बोटांवर वर्षं मोजू लागले आणि मधेच थांबले. मीही तिथेच थांबले. शुगरचं, पथ्याचं, दवाखान्याचं पुढे काढलं असतं तर एका दोषातून सोडवून मी त्यांना दुसऱ्यात अडकवलं असतं. पण पिशवीत पत्रक होतं. ते नेहमीच असतं. मी काढून दिलं.

काकांनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचू लागले. एक बाजू झाली, उलटवलं, दुसरी बाजू. एवढी वर्षं मी पत्रकं वाटली, शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. खाली छापखान्याचं नाव होतं, तेही त्यांनी सोडलं नाही.

“‘कावेबाज दलाल’ म्हंजे हे का?” त्यांनी डीलरकडे बोट केलं.

“नाई जी, थे दुसरे,” डीलर म्हणाला.

काका उठले. “हात लाव गा जरा,” ते त्याला म्हणाले आणि कपाटाच्या एका बाजूला जाऊन उभे राहिले. डीलरने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या दुकानाला आग लावली. पण हात लावला. कपाट करकरत बाजूला झालं. मागे कोळ्यांची जाळी, एक जुनं कॅलेंडर आणि गंजून बसलेली कडी. दोघा पुरुषांनी कडीशी बरीच झटापट केली. ते आईला बघवेना. ती उठली, सैपाकघरातून बत्ता आणला, कडीवर दोन ठोके मारले आणि जागेवर जाऊन बसली. तिने हे का केलं, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

दार उघडलं. समोरच्या घरातली बाई गाडी पुसत होती, ती फडकं हातात धरून बघतच राहिली. काका उंबरठ्यावर उभे राहिले, मग अंगणात उतरले, फाटकापर्यंत गेले आणि पुढच्या दाराने परत आत आले. पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले. मग टेबलाजवळ येऊन नारळाकडे पाहिलं.

“बाई, इतक्या दिवसांनी दार उघडलं. नारळ तं फोडा लागते. हा घेऊ का?”

“घ्या,” आई म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

माझ्या आयुष्यातल्या एकुलत्या एक मतपरिवर्तनाचा सोहळा असा साजरा झाला. आमच्या नारळाने, उंबरठ्यावर. काकांनी खोबरं आमच्या हातावर ठेवलं, स्वतः एक तुकडा चघळला आणि डीलरला अगदी साधेपणाने विचारलं,

“मंग म्या हे काहून विकून राहिलो जी?”

या प्रश्नाला त्याच्या दोन्ही शास्त्रांत उत्तर नव्हतं.

म्हणून मी बोलले. “काका, पुण्याला मुलगा वाट बघतोय ना?”

“थो या दारामुळेच बोलावत होता. त्याच्या सातव्या माळ्यावर म्या काय करू, बेटा? लिफ्टमंधी खाली-वर?”

त्यानंतर एक क्षण असा आला की माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: तरीपण काका, दिशेचं काही सांगता येत नाही. मी ते बोलले नाही. पण ते तोंडात आलं होतं, हे इथे लिहून ठेवते. असलं काही आमच्या पत्रकांत छापत नाहीत.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तो म्हातारा आपल्याच दारातून आत-बाहेर करत होता आणि मला माझा पुस्तकांचा रॅक दिसत होता. आईने पिशवीचं तोंड गाठ मारून बंद केलं. काकांनी चहा केला, आम्ही घेतला. निघताना ते म्हणाले, “येत जा,” आणि आम्हाला समोरच्या दाराने बाहेर काढलं. डीलर आमच्याआधीच गाडीला किक मारून गेला होता.

वाडीला पोचेपर्यंत खोबऱ्याचा तुकडा आईच्या मुठीतच होता. खोलीचं कुलूप काढताना म्हणाली,

“जिंदगीत एक मानूस सुधरोला तुनं. आन् थोबी माह्या घरातला.”

बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “म्हातारा सुटला म्हणायचा.” त्यावर आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दोन दिवस बोलले नाहीत. करार संपायला तेव्हा तीन महिने उरले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने स्वतःच डीलरला फोन लावला. मी भाजी निवडत होते. फोन स्पीकरवर होता.

“भाऊ, दुसरं पाहा. दक्षिणच पाहा.”

“पाहतो काकू, पन मॅडम…”

“थे घरी राहीन. आन् आयका, मालक जरा भेणारा पाहा.”

मी मेथीची जुडी सोडली. आईने माझ्याकडे पाहिलं, मी हरकत घेईन असं तिला वाटत असावं. मी घेतली नाही. मालक चांगला भेणारा मिळावा, असं मलाही वाटत होतं.